पेनल्टीच्या ठिपक्याखालचा डेझमंड

एव्हरिल पिलिंग खाटकाच्या दुकानात गेली की वजनाच्या काट्याकडे बघत नाही, खाटकाच्या अंगठ्याकडे बघते. रेडिओने ऊन सांगितलं तर छत्री घेऊन निघते आणि पाऊस सांगितला तर कपडे बाहेर वाळत घालते. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही कारण नाही," की ही खुर्चीत आणखी रुतून बसते. "म्हणजे काहीतरी आहे. काय ते सांगून टाका." स्वतःच्या लग्नात तिने पाद्र्याकडून नोंदवहीतलं नाव दोनदा वाचून घेतलं होतं, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्यात खरोखरच चूक निघाली. त्यानंतर तिला कोण समजावणार?

नवरा मिळाला तो नेमका उलटा. दारावर कोणी झाडू विकायला आला तर डेझमंड घ्यायचा, घरात आधीचे सहा असले तरी. दोघंही सपातांच्या कारखान्यात. तो तळवे कापायचा, ती वरची लोकर शिवायची. त्याचा सगळ्यांवर विश्वास, हिचा कोणावरच नाही, त्यामुळे संसाराची सरासरी ठीक राहिली. मी हर्बी पिकप. चौतीस वर्षं या गावात बस चालवली. त्यांच्या घराच्या भिंतीला लागून माझी भिंत, आणि कोलबेक टाउनच्या सामन्याला एव्हरिलच्या डाव्या हाताला माझी जागा. उजव्या हाताला डेझमंड असायचा. अकरा वर्षांपूर्वी मार्चमध्ये तो गेला, तेव्हापासून तो समोर असतो.

समोर म्हणजे मैदानात. कारखान्याकडच्या गोलसमोर पेनल्टीचा पांढरा ठिपका आहे, त्याच्या खाली. त्याची इच्छाच तशी होती, आणि आमच्या गावात अशी इच्छा पुष्कळांची असते. चर्चपेक्षा इथे माणसं जास्त येतात, हे त्याचं एक कारण. मैदानाचा माळी वॉल्ट एंटविसल हा डेझमंडच्या शाळेतला. त्याने एका मंगळवारी सकाळी हिरवळीचा चौकोन कापून उचलला, रक्षा मातीत मिसळली, चौकोन परत बसवला आणि वरून बुटाने हलके दाबला. एव्हरिलने खाली वाकून चौकोनाच्या चारही कडा तपासल्या. "बरं झालंय," ती म्हणाली. तिच्या तोंडून हा शब्द मी तोवर ऐकला नव्हता.

दर सामन्याआधी ती त्या ठिपक्याकडे बघून हात हलवायची. जास्त नाही, शेजारणीला हलवतात तेवढाच. कोणी खेळाडू तिथे थुंकला तर त्याला आडनावाने हाक मारून सुनवायची. आणि समोरच्या संघाला त्या ठिपक्यावरून पेनल्टी मिळाली की आमचा अख्खा स्टँड ओरडायचा, "डेस, सांभाळ रे!" अकरा वर्षांत तिथून त्यांच्या चौदा पेनल्ट्या झाल्या, त्यातल्या आठ हुकल्या. आमचे गोलकीपर ज्यांनी बघितलेत त्यांना ठाऊक आहे की ते श्रेय गोलकीपरांचं नव्हे.

तर यंदाची गोष्ट. आमच्या मैदानात पाणी कधीच मुरत नाही, जानेवारीत तर बदकं उतरतात. पण या जानेवारीत कुठेतरी पाणी मुरायला लागलं, आणि ते पहिल्यांदा एव्हरिलला दिसलं. आम्ही चोविसांत तेविसावे होतो. खालचे दोन संघ हंगामाअखेर खालच्या लीगमध्ये घसरतात, म्हणजे आम्ही कड्याच्या टोकाला. सामना सुरू व्हायला अर्धा तास होता आणि मी वाटाण्यांवर व्हिनेगर ओतत होतो.

"हर्बी, तो बघ."

"कोण?"

"पिवळं जाकीट. चाक फिरवत चाललाय तो."

"मैदान मोजत असेल."

"शंभर वर्षं झाली या मैदानाला. ते वाढलंय की आटलंय, म्हणून मोजायचं?"

माझ्या तोंडात वाटाणे होते. तेवढ्यात त्या माणसाने कोपऱ्याच्या झेंड्यापाशी एक नळी जमिनीत घातली आणि माती भरून वर काढली. एव्हरिल कठड्यापर्यंत गेली.

"काय हो, काय चाललंय?"

"काही नाही, आजीबाई. नेहमीची तपासणी."

ती परत आली ती ओठ आवळूनच. "नेहमीची म्हणे. तीस वर्षं येतेय मी इथे. नेहमीची असती तर मला नसती दिसली?"

सोमवारी ती वाचनालयात गेली आणि लीगची नियमावली काढून बसली. ओळीखाली पट्टी धरून वाचत होती, असं तिथल्या बाईंनी मला नंतर सांगितलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या दारात उभी. हातात एकच कागद.

"वाच."

"चष्मा आत आहे."

"मग ऐक. आपण आहोत त्या लीगमध्ये प्लास्टिकचं गवत चालत नाही. खरी हिरवळच लागते. एक पायरी खाली गेलं की चालतं."

"बरं, मग?"

"मग काय, डोकं आहे का टोपी ठेवायला? प्लास्टिक टाकलं की मैदान आठवडाभर भाड्याने देता येतं. आज शाळा, उद्या कंपनी, परवा कोणाचा वाढदिवस. खऱ्या गवताला ते झेपत नाही. लॅटिमरला आपण खाली जायला हवे आहोत, हर्बी. तो आपल्याला मुद्दाम पाडतोय."

पियर्स लॅटिमर म्हणजे आमच्या क्लबचा मालक. स्वयंपाकघरातली कपाटं विकून मोठा झालेला, दक्षिणेतला गृहस्थ. कपडे चांगले, दात चांगले, बोलणं तर फारच चांगलं. मी हसलो. पण हसताना आठवलं की याच महिन्यात त्याने आमचा एकुलता एक गोल मारणारा माणूस विकला आणि त्याच्या जागी कोणालाही आणलं नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

"आणि प्लास्टिक टाकायचं म्हणजे आधी खणतात," एव्हरिल म्हणाली. "हातभर खणतात. खडी घालतात, रबर घालतात. मी विचारून आलेय. माझा डेस कुठे जाईल?"

तिचा आवाज एरवी पत्र्यासारखा असतो. तेव्हा नव्हता. मी तिला आत बोलावून चहा दिला, आणि तिने नेहमीसारखं कपाच्या तळाशी बघितलं नाही, त्यावरून मला कळलं की बाई घाबरलीये.

संशय ही आमच्याकडे सर्दीसारखी गोष्ट आहे, एकाला झाली की स्टँड शिंकायला लागतो. फेब्रुवारीपर्यंत सगळ्यांना दिसायला लागलं. आमच्या बचावपटूने चेंडू मागे दिला की, "बघ, मागे दिला!" पुढे दिला आणि समोरच्यांनी घेतला की, "बघ, त्यांना दिला!" गोलकीपर चिखलात घसरून पडला आणि चेंडू आत गेला, तेव्हा माझ्या मागे दोघंजण वाद घालत होते.

"घसरला तो."

"घसरला? त्याचे बूट बघ, नवीन आहेत. नव्या बुटात माणूस घसरतो का?"

"नव्याच बुटात घसरतो."

"मग नवे दिले कोणी?"

मॅनेजरने शिट्टीआधी नाक खाजवलं तरी ती खूण वाटायची. पॅटीस विकणाऱ्या मार्जोरीने बटाट्याचे पॅटीस कमी आणले, तर एकजण म्हणाला की तिलासुद्धा पुढच्या वर्षीची गर्दी किती ते आधीच कळलंय. आता मागे वळून बघताना मला एक कळतं, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. आमचा संघ मुळात भिकार होता. पण भिकार आहोत म्हणून हरतो, हे दर शनिवारी मान्य करायला फार बळ लागतं. कोणीतरी हरवतंय म्हटलं की निदान घरी जाताना बोलायला विषय मिळतो.

एव्हरिलला मात्र विषय नको होता. तिला नवरा हवा होता, जिथे ठेवला तिथे. बाकीचे लोक लॅटिमरला शिव्या देत, आणि ही हात जोडून, डोळे मिटून एकच मागत होती की आपण तेविसाव्यावरून बाविसावे व्हावे. देवावरही तिचा फारसा भरवसा नसल्यामुळे ती ते मोठ्याने मागायची, म्हणजे साक्षीदार राहतील.

शेवटचा सामना मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी, घरच्या मैदानावर. बरोबरी झाली तरी आम्ही वाचणार होतो. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला एक एक अशी बरोबरी होती. मी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं होतं, शेजारचा माणूस बघून सांगत होता. आणि तेव्हा आमच्या एका शहाण्याने त्यांच्या पोराला पाडलं, कारखान्याकडच्या गोलसमोर. पेनल्टी.

कोणी ओरडलं नाही. मग एकाने हळूच म्हटलं, "डेस, सांभाळ." मग सगळ्यांनी म्हटलं. हजार-बाराशे माणसं एका सपातांच्या कारागिराचं नाव घेत होती, त्यांत मीही. त्यांच्या पोराने चेंडू ठिपक्यावर ठेवला, चार पावलं मागे गेला, आणि आमच्या गोलकीपरच्या उजव्या बाजूने सरळ आत घातला. आम्ही खाली गेलो.

लोक डोकं धरून बसले. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते पुसायलाही सुचलं नाही. एव्हरिल रडत नव्हती. ती ठिपक्याकडे टक लावून बघत होती.

"डेसने हे जाऊ दिलं नसतं," ती म्हणाली.

"एव्हरिल, अगं, पेनल्टी होती ती."

"एवढ्या गरजेच्या वेळी? त्याने? नाही. तिथे काहीतरी झालंय." मग तिने मान वळवली. खेळाडू बाहेर येतात त्या बोळाच्या तोंडाशी वॉल्ट उभा होता. तिची आणि त्याची नजरानजर झाली, आणि वॉल्टने खाली बघितलं. "तो बघ. त्याला माहितीये."

मला वाटलं, आता हिने वॉल्टलाही सोडलं नाही. चाळीस वर्षं ज्याने पाऊस नि बर्फ अंगावर घेऊन ती हिरवळ राखली, तोही लॅटिमरच्या कटात! एव्हरिलशी वाद घालायचा तर जेवण करून यावं लागतं.

पुढच्या आठवड्यात लॅटिमरने क्लबच्या दिवाणखान्यात सभा बोलावली, 'पुढील हंगाम' या विषयावर. चहा होता, बिस्किटं होती. एव्हरिलने बिस्कीट मोडून आत बघितलं आणि परत ठेवलं. लॅटिमर पडद्यावर चित्रं दाखवत होता. लोकांचे प्रश्न साधे होते. गोल कोण मारणार? करार शिल्लक असलेले नऊ खेळाडू राहणार का? खालच्या लीगमधून वर यायला फक्त दोन जागा आहेत, तिथे वर्षानुवर्षं अडकून पडलेले क्लब आहेत, तुमचा विचार काय? लॅटिमर प्रत्येक प्रश्नाला "छान प्रश्न" म्हणायचा आणि पुढचं चित्र दाखवायचा. सातवं चित्र हिरवंगार होतं. इतकं हिरवं काही आमच्या गावात उगवत नाही.

"हे काय आहे?" एव्हरिल उभी राहिली.

"ही एक कल्पना आहे, मिसेस..."

"पिलिंग. प्लास्टिक आहे ना ते?"

"आधुनिक पृष्ठभाग आहे. संघ टिकवायचा तर मैदान रोज वापरात यायला हवं. याच उन्हाळ्यात काम सुरू करावं असा विचार आहे."

"विचार कधीपासूनचा? जानेवारीपासूनचा? आपण घसरणार हे तुम्हाला जानेवारीतच कळलं होतं?"

सभा तापली. खुर्च्या सरकल्या, मागून कोणी काहीबाही ओरडलं. लॅटिमर हात वर करून, "शक्यता धरून चालावं लागतं," असं काहीतरी म्हणत होता. एव्हरिलने त्या गोंगाटातून फक्त एक वाक्य सोडलं.

"मिस्टर लॅटिमर, त्या ठिपक्याखाली माझा नवरा आहे."

खुर्च्या सरकायच्या थांबल्या. आम्हा सगळ्यांना माहीत होतं, त्याला नव्हतं. त्याचा चेहरा पडला, आणि मला कबूल करायला आवडत नाही, पण तो खोटा पडला नाही. तो सावकाश खाली बसला. मग म्हणाला, "मला कोणी सांगितलं नाही. मिसेस पिलिंग, काम सुरू व्हायच्या आधी तेवढी जागा आपण हाताने उकरू. मशीन लावणार नाही. ती माती तुम्ही म्हणाल तिथे नेऊ. पाद्र्याला बोलावू. मिस्टर एंटविसलना जागा नक्की माहीत असेल."

सगळ्यांच्या माना वॉल्टकडे वळल्या. वॉल्ट उठला, टोपी घातली आणि कोणाशी न बोलता दारातून निघून गेला.

"बघितलंस?" एव्हरिल माझ्या कानात म्हणाली. जिंकली होती, पण आवाजात जिंकल्याचा मागमूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला बरोबर घेतलं. साक्षीदार म्हणून, असं म्हणाली. वॉल्ट त्याच्या यंत्रांच्या खोलीत होता, गवत कापायच्या मशीनची पाती पुसत. आम्हाला बघून त्याने किटली चढवली.

"तू लॅटिमरला सामील आहेस," एव्हरिल म्हणाली.

"नाही, एव्हरिल."

"मग काल पळालास कशाला?"

वॉल्टने कप तिच्यापुढे ठेवला. "तिथे काही नाहीये."

"काय म्हणालास?"

"ठिपक्याखाली. डेस नाहीये तिथे." तो पात्यांकडे बघत बोलत होता. "दर मे महिन्यात मशीन येतं. वरची दोन बोटं माती खरवडून काढतात, नवी वाळू, नवी माती, नवं बी. दर वर्षी, एव्हरिल. नाहीतर गवत धरत नाही. मी डेसला मार्चमध्ये ठेवला. मशीन मेमध्ये आलं. मी त्या दिवशी आजारी पडून दवाखान्यात तर नव्हतो, इथेच होतो. काय सांगू त्यांना? सगळं मैदान काढा आणि हा एक हात सोडा? तिथे खड्डा राहिला असता, ऑगस्टमध्ये कोणाचा पाय मोडला असता."

आम्ही तिथे उभे होतो आणि मला माझाच राग आला. आयुष्य गेलं या मैदानात. पण आमच्यासाठी ते मे महिन्यात कुलूप लागून झोपतं आणि ऑगस्टमध्ये हिरवं होऊन उठतं. मधे त्याचं काय होतं, हे आमच्यापैकी एकाने कधी विचारलं नाही. जानेवारीपासून आम्ही लॅटिमरवर डोळे लावून पहारा करत होतो, आणि माल अकरा वर्षांपूर्वीच गेला होता. बैल गेला नि झोपा केला म्हणतात, ते हेच.

"दोन महिने," एव्हरिल म्हणाली. "म्हणजे दोनच महिने होता तो तिथे."

"दोनही नाही भरले."

"आणि मी अकरा वर्षं गवताला हात हलवतेय."

वॉल्टने मान हलवली.

"तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तू दर शनिवारी यायचीस. हात हलवायचीस. मी इथून बघायचो. कुठल्या शनिवारी सांगायला हवं होतं, तूच सांग."

तिने समोरचा चहा उचलला आणि त्याच्या स्वच्छ पुसलेल्या फरशीवर सगळा ओतला. वॉल्टने पाय मागे घेतला नाही. ती रिकामा कप हातात धरून उभी राहिली. मग तिने विचारलं, "आणि त्या पेनल्ट्या? आठ हुकल्या त्या?"

"हुकल्या, एव्हरिल. लोकांच्या हुकतात."

ती हसली का रडली, मला नक्की सांगता येणार नाही, मी खिडकीकडे बघत होतो. पण मग तिचा पत्र्यासारखा आवाज परत आला.

"खरवडलेली माती कुठे टाकता?"

वॉल्ट इथे जरा सरळ झाला. "दर वर्षी ट्रक घेऊन जातो. पण त्या उन्हाळ्यात पाहुण्यांच्या बाजूचा बांध उंच करायचा होता, पायऱ्या वाढवायच्या होत्या. माती हवीच होती, तीच वापरली. ठिपक्याकडची पहिली गाडी मी स्वतः ढकलत नेली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. डावीकडून, खालून चौथी पायरी. तिथे रिकामी केली. मग वरून काँक्रीट आलं."

"पाहुण्यांच्या पायऱ्या," एव्हरिल हळूच म्हणाली.

"हो."

"म्हणजे अकरा वर्षं दर शनिवारी परक्या संघाचे लोक त्याच्या डोक्यावर नाचतायत."

डेझमंडने सगळ्या जगावर विश्वास ठेवला, पण परक्या संघाच्या पाठीराख्याला त्याने कधी साधं 'किती वाजले' सांगितलं नव्हतं. आणि ज्याच्यासाठी ती बाई जानेवारीपासून झोपली नव्हती, त्याच्यावर प्लास्टिक येणार नव्हतंच. त्याच्यावर काँक्रीट होतं. वर एक आड एक शनिवारी शे-दोनशे जोडी बूट.

"तरी लॅटिमरने मुद्दामच पाडलं आपल्याला," दाराबाहेर आल्यावर एव्हरिल म्हणाली. मी हो म्हणालो. मला अजूनही तसंच वाटतं.

उन्हाळ्यात प्लास्टिक आलं. नऊपैकी दोन खेळाडू गेले, चार नवे आले, त्यातला एक म्हणे वेगवान आहे. पुढच्या हंगामाबद्दल गावात कोणाला विचारलं तर तो आधी इकडेतिकडे बघायचा आणि मग "बघू" म्हणायचा. एव्हरिल तिकिटाच्या खिडकीवर गेली आणि तिने पाहुण्यांच्या बाजूचं हंगामभराचं तिकीट मागितलं. खिडकीतल्या मुलीने तिला तीनदा समजावलं की असं तिकीट नसतं, पाहुणे दर वेळी वेगळे असतात. ही बातमी संध्याकाळच्या आत गावभर झाली. वॉल्टने तोंड उघडलं नाही, तिने मला शपथ घातली होती, त्यामुळे लोकांनी आपापली समजूत करून घेतली. लॅटिमरवरच्या रागाने फितूर झाली. तिला पैसे मिळाले. तिच्या बहिणीचा मुलगा समोरच्या संघात आहे. तिला बहीण नाही.

ऑगस्टचा पहिला सामना हर्नवुड नावाच्या संघाशी. माझ्या उजव्या हाताची जागा रिकामी. पलीकडे, पाहुण्यांच्या पायऱ्यांवर, हर्नवुडचे चाळीसेक लोक हिरवे स्कार्फ घालून उभे होते आणि त्यांच्यामध्ये आमच्या संघाच्या लाल रंगाच्या कोटातली एव्हरिल, डावीकडून, खालून चौथ्या पायरीवर. आमच्या लोकांनी तिला शिट्ट्या मारल्या. मला ते सहन होईना. मी गेटवरच्या माणसाला पटवून मैदानाला वळसा घातला आणि तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. तिने माझ्याकडे बघितलं नाही, पण अर्धं पाऊल सरकून जागा दिली.

विसाव्या मिनिटाला हर्नवुडने गोल मारला. चाळीस माणसांनी एकदम उड्या मारल्या, पायरी हादरली. एव्हरिलने शेजारच्या धिप्पाड गड्याची बाही धरली.

"उड्या मारू नका."

"का हो, आजी? गोल आहे आमचा!"

"ओरडा हवं तेवढं. उड्या नकोत. माझा नवरा आहे खाली."

त्याने खाली काँक्रीटकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग माझ्याकडे. मी मान हलवली.

"कुठल्या संघाचा होता?" त्याने विचारलं.

"तुमच्या नाही."

तो गडी मागे वळला आणि त्याच्या लोकांना काहीतरी म्हणाला. ते कानाकानात पायऱ्यांवरून वर गेलं. आमच्या वेगवान माणसाचं म्हणाल तर तो वेगवान होता, पण चेंडूशिवाय. सत्तराव्या मिनिटाला हर्नवुडचा दुसरा गोल झाला. चाळीस माणसं ओरडली, हात वर केले, एकमेकांच्या गळ्यात पडली. पलीकडे आमच्या स्टँडमधले लोक बोटं दाखवून एकमेकांना विचारत होते की हे लोक उड्या का मारत नाहीयेत. एव्हरिलने गोलकडे बघितलंच नाही. ती वाकून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकेकाचे पाय तपासत गेली. सगळे पाय जमिनीवर होते.